दाजींचा प्रोसेसर

२८ सप्टें. २००४
काँप्युटरवरच्या गाड्यांच्या गेममध्ये तिसऱ्या फेरीला मशीन पुन्हा बंद. तेही ऐन वळणावर, माझा पहिला नंबर असताना. आई म्हणाली, "बरं झालं. आता तरी जेव."
तीन वर्षं झाली हे घेऊन. दाजींनी त्यांच्या शिरूरच्या दुकानात जोडून दिलेलं. ताईचं लग्न त्या घरात झालं नसतं तर मी सरळ पुण्याहून आणलं असतं. हे फक्त इथेच लिहिता येतं.

३० सप्टें.
दाजींना फोन. "पाव्हणं, मशीन म्हातारं झालं. मोठा प्रोसेसर टाकू, बोर्ड हाय तोच चालंल. माझ्याकडं एक हाय बघा."
मशीन न बघताच? नाडीला हात न लावता ऑपरेशन! वर म्हणतात, "दुसऱ्या कुणाला उघडू दिऊ नका. दुसऱ्याचा हात लागल्यालं मशीन मी बघत न्हाई."
का बरं? असं काय आहे आत? पाणी कुठंतरी मुरतंय.

३ ऑक्टो.
सेकंड शिफ्ट. कंपनीतल्या इन्स्ट्रुमेंटवाल्या कांबळेला विचारलं. तो म्हणाला, "कमी दमाचा प्रोसेसर घेत्यात, वरचा स्पीडचा आकडा घासत्यात आन् मोठा आकडा छापत्यात. चालतो, पर तापतो. मंग बंद."
आमचंही तापतं आणि बंद पडतं. चालू करताना स्क्रीनवर आकडा बरोबर दाखवतो, पण कांबळे म्हणतो, सेटिंग वाढवलं की तोही हवा तसा दिसतो. झोप गेली माझी.

५ ऑक्टो.
आईच्या कानावर घातलं. "अवघड जागी दुखणं आन् जावई डॉक्टर," म्हणाली. वर म्हणे, "ताईला तिथं नांदायचंय. गप बस."
खरं आहे. दाजी सोडून दुसरीकडून घेतलं तर शिरूरच्या बाजारात कळणार, तिथून ताईच्या सासूबाईंना केंदूरला. मग भाकरी थापताना तिने ऐकायचं, तुझ्या भावाला आमचा पोरगा चोर वाटतो म्हणून. माझ्या गेमपायी तिला कशाला?
पण बोनस वर्षातून एकदाच मिळतो. आणि नवा प्रोसेसरही घासलेलाच निघाला तर? बोर्डच जळायचा.

९ ऑक्टो.
सुट्टी. मशीन चादरीत गुंडाळून दौंड स्टेशनजवळच्या काँप्युटर दुरुस्तीवाल्या सोनवणेकडे नेलं. वाटेत दोघांनी विचारलं, काय नेताय. शिलाई मशीन, म्हटलं.
सोनवणेने बाजूचा पत्रा काढला आणि आम्ही दोघं बघतच राहिलो. प्रोसेसरवरच्या पंख्यात तांदूळ! अक्षता. पात्यांना हळद, खाली कुंकवाचा थर, एक झेंडूची वाळकी पाकळी. पंखा निम्मा अडकलेला.
"सायेब, ह्यो काँप्युटर हाय का म्हसोबा?"
ताई. दुसरं कोण! दर दसऱ्याला शिरूरला दुकानाची पूजा उरकून दोघं इकडे येतात. ताई मशीन आडवं निजवते, कारण उभ्यावर नारळ घसरतो. मग बाजूची जाळी येते वर, आणि त्या जाळीवर हळदकुंकू, अक्षता, फुलं. नवऱ्याने जोडलेलं, भावाच्या घरी आलेलं. हात आखडत नाही तिचा.
खूप हसलो. मग दाजींची लाज वाटली. विनाकारण त्या माणसावर...

१० ऑक्टो.
साफ झाल्यावर सगळ्या फेऱ्या पूर्ण. तापत नाही.
पण. सोनवणेने प्रोसेसर पुसला तेव्हा वरचा आकडा मी पाहिला होता. नीट छापलेला वाटला. *वाटला*. सोनवणेला विचारलं तर म्हणे, "घासल्याला असंल बी, नसंल बी. त्यापरीस बोर्डासकट नवंच घ्या की." म्हणजे हाही विकायलाच बसलाय. मधे मी चहाला गेलो होतो, तेवढ्यात याने तर काही बदललं नसेल ना?
कांबळे म्हणाला, "तुमचंच डोकं आदी साफ करून घ्या."

१५ ऑक्टो.
दाजींचा फोन. प्रोसेसर दसऱ्याला घेऊन येतो म्हणाले. नको म्हणायचं तर मशीन आता बरं आहे हे सांगावं लागणार, म्हणजे दुसऱ्याकडून उघडलं हेही. आणि अक्षतांचं बोललो तर ताईच्या माथी. फोन येणार म्हणून दोन दिवस मनात वाक्य घोकत होतो, "दाजी, सध्या राहू द्या." प्रत्यक्षात तोंडातून निघालं, "बरं, आणा."

दसरा
दोघं दुपारी आले. ताईने आल्या आल्या ताट घेतलं आणि मशीन आडवं करायला लागली. मी म्हटलं, "ताई, यंदा नुसतं ओवाळ. अक्षता नकोत."
"का रं? पहिल्या वर्षी ह्येच म्हणालं व्हतं, नवं मशीन हाय, भरपूर टाक."
मी दाजींकडे पाहिलं. दाजी टीव्हीकडे बघत होते. टीव्ही बंद होता.
"चेष्टेत म्हनलो आसंल," दाजी म्हणाले. मग उठून मशीनच्या मागच्या स्क्रूंशी वाकले, बराच वेळ. खिशातून चंदेरी पाकीट काढलं. "बसवून टाकू का?"
मी म्हटलं, "आधी जेवून घेऊ."
श्रीखंड गोड लागलं नाही. चेष्टा होती की पुढच्या विक्रीची सोय? की बायकोला नाही म्हणवलं नाही बिचाऱ्याला? जेवल्यावर गाडीची वेळ झाली, तेव्हा पाकीट माझ्या हातात दिलं. "पैशाचं बघू मागनं. घाला तुम्हीच, जमतंय तुम्हाला."
*जमतंय तुम्हाला* म्हणजे काय? कळलंय त्यांना? आणि पैसे न घेणाऱ्या माणसावर संशय कसा घ्यायचा?

२५ ऑक्टो.
जुनाच प्रोसेसर, मजेत चाललाय. पाकीट कपाटात.
संध्याकाळी ताईचा फोन. "ह्ये इचारत्यात, बसवला का? कसा हाय?"
"बसवला. एकदम पळतंय."
इतकी खूश झाली! "म्या म्हनलंच व्हतं ह्यांना, भाऊ नावं ठेवनार न्हाई. सासूबाईंनाबी सांगितलं." तिच्याशी खोटं बोललो, तेही तिच्याच नवऱ्यावरच्या संशयापायी. फार वाईट वाटलं. सगळं सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं, तोवर ती पुढे म्हणाली, "भाऊबीजेला आलो की उघडून बघनार हायेत ह्ये. कसा बसवलाय ते."
"बघू देत की," म्हटलं.
आता पत्रा काढून बसलोय. एका हातात त्यांचा जुना, एका हातात त्यांचा नवा. दोन्हींवरचे आकडे अगदी स्वच्छ छापलेले आहेत.