तिसऱ्या वळणावरची उडी

मंगळवार, दुपार

प्रिय छोट्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू दचकला असशील, म्हणून आधीच सांगून टाकते, घरात सगळे बरे आहेत. तुझ्या बाबांचं ब्लडप्रेशर आटोक्यात आहे, माझे गुडघे कुरकुरत का होईना चालताहेत. फोन करता आला असता. पण फोनवर तू 'बरं, बरं' करायला लागलास की मला तुझा आवाज कळतो, आणि आवाज कळला की मी अर्ध्यातून विषय बदलते, हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. दुकानात आज गिऱ्हाईक नाही. काचा घासायचं मशीन बंद करून काउंटरमागे बसले आहे. कोणी चष्मा घ्यायला आलं तर मध्येच तुटेल, तेवढं समजून घे.

उद्यानामागच्या टेकडीवरची वाट बंद झाली, हे तुला कळलं असणारच. तू अजून आपल्या सायकलवाल्यांच्या ग्रुपमध्ये आहेस. एवढी दोनशे-तीनशे मेसेजची झुंबड उडाली, आणि टायरमध्ये हवा किती असावी यावर तीन दिवस भांडणारा माझा मुलगा एक अक्षर बोलला नाही. मी रोज बघते. प्रत्येक मेसेज कोणी कोणी वाचला ते दिसतं, त्यात तुझं नाव असतं. कामाच्या गडबडीत असेल, असं मी स्वतःला सांगते. तसं असलं तर फार बरं होईल.

तुला हसू येईल, पण तुझ्या त्या सायकलमुळे माझं आयुष्य बदललं. तू नोकरीसाठी गेलास आणि ती गॅलरीत राहिली. चार महिने मी तिच्या हँडलवर टॉवेल वाळत घातले. मग एक दिवस कंटाळून दुरुस्तीवाल्याकडे विकायला नेली, तर तो म्हणाला, काकू, सीट खाली करून देतो, एक चक्कर मारा आणि मग विका. ती चक्कर अजून संपलेली नाही. दर रविवारी टेकडीवर माझा नंबर शेवटून पहिला असायचा आणि शेवटून दुसरा केमिस्ट मावशीचा. ती मुद्दाम मागे राहायची, मला माहीत आहे. औषधाच्या दुकानात दिवसभर उभी राहून तिचे पाय माझ्यापेक्षा दणकट झालेत, ठरवलं असतं तर ती सगळ्यांच्या पुढे गेली असती. पण मला चढावर धाप लागली की ती सायकलवरून उतरायची, आणि आपल्यालाच दम लागल्यासारखं करून पाणी प्यायची. अशी ती आहे. तू तिला ओळखतोसच. तुझ्या दहावीच्या वेळी ताप उतरेना, तेव्हा रोज दुकान बंद करून औषध घरी आणून देणारी तीच.

त्या रविवारी, तीन आठवड्यांपूर्वी, मी पहिल्यांदाच तिला म्हटलं, आज तू पुढे हो, मी तुझ्या मागून येते. तिसऱ्या वळणावर सायकल हवेत उडवायला ठोकलेली ती फळ्यांची उडी आहे. मी काही उडी मारत नाही, माझ्यासारखे भित्रे शेजारच्या वाटेने उतरतात. ती मात्र सरळ गेली. मला नारळ फुटल्यासारखा आवाज आला, पुढचं चाक फळीतून आरपार गेलं आणि ती हँडलवरून पलीकडे पडली. ओरडली नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली. उजवं मनगट मोडलं आणि खुबा. खुब्यात स्क्रू घातलेत. अजून कित्येक आठवडे तिला झोपून राहायचं आहे, आणि पुन्हा सायकलवर बसेल का, हे डॉक्टर सांगत नाहीत. विचारलं की रिपोर्टकडे बघतात.

दोनच दिवसांनी, मंगळवारी, फाटकावर साखळी आली आणि पाटी, पुढील सूचनेपर्यंत बंद. मग आपल्या मंडळींचं डोकं फिरलं. शाळेच्या व्यायामशाळेत मॅट अंथरून सभा झाली. एकजण म्हणाला, साखळी कापू, कापायची कात्री माझ्याकडे आहे. दुसरा म्हणाला, मागच्या कुंपणातून जाऊ, कोण बघतंय. पोहायला शिकवणारे सर, जे आपल्या ग्रुपचे म्होरके, त्यांनी सगळ्यांना गप्प बसवलं आणि ठरवलं की अर्ज करायचा, सह्या गोळा करायच्या. अर्ज हाताने लिहिलेला असला की लोक वाचतात, असं सरांचं म्हणणं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. काकूंचं अक्षर मोत्यासारखं आहे. सर सांगत गेले, मी लिहीत गेले. चौथ्या ओळीला सर म्हणाले, लिहा, सदर उडी आमच्यापैकी कोणीही बांधलेली नाही. माझं पेन थांबलं. सरांना वाटलं शाई संपली, त्यांनी आपलं पेन पुढे केलं. त्या पेनने मी ती ओळ लिहिली. खाली दोनशे बारा सह्या झाल्या. पहिली माझी.

उद्यानाच्या अधिकारी बाई वाईट नाहीत. त्यांनी नकाशा पसरून दाखवला. नकाशात वाट आहे, वळणं आहेत, उडी नाही. परवानगीशिवाय कोणीतरी बांधली, वरून हिरवा रंग दिला, आणि खालून पाणी मुरत गेलं. आता दर सोमवारी वाट तपासून वहीत सही करायचं काम फाटकावरच्या रखवालदार काकांचं. वर्षभर त्यांनी 'सर्व ठीक' लिहून सह्या केल्या आहेत. तेव्हा चौकशी त्यांची लागली आहे. हे ऐकून आपल्या लोकांना किती हायसं वाटलं ते तू बघायला हवं होतंस. वड्याचं तेल वांग्यावर निघालं आणि सगळे चहा प्यायला गेले. मीही गेले.

आणि मागच्या बुधवारी तेच काका आपल्या दुकानात आले. चौकशीत कोणीतरी विचारलं म्हणे, तुम्हाला नीट दिसतं का. म्हणून डोळे तपासायला आले होते. साध्या चष्म्याचा नंबर आहे, बाकी डोळे ठणठणीत. मी त्यांच्या काचा घासत होते आणि ते स्टुलावर बसून आपणहून बोलत होते. म्हणाले, दर सोमवारी मी त्या फळीवर उभा राहून बघायचो हो, माझं वजन पेलायची. आणि म्हणाले, ज्याने कोणी बांधली त्याने वाईट मनाने नाही बांधली बाई, फळीच्या कडा पॉलिशपेपरने घासून गोल केल्या होत्या, कोणाला लाकडाची कूस टोचू नये म्हणून. मी मशीनचा वेग वाढवला. काच गरजेपेक्षा पातळ झाली, फेकून दुसरी घ्यावी लागली. जाताना त्यांनी विचारलं, काढून टाकतील का हो मला, दोन वर्षं राहिलीत. मी म्हटलं, नाही हो काका, असं कसं काढतील. चष्मा नाकावर नीट बसवून मी त्यांना दारापर्यंत सोडलं. माझ्यासारखी खोटारडी बाई या गल्लीत दुसरी नसेल.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी दोनदा कागद बदलला.

मावशी पडली तेव्हा मी तिच्यापाशी धावले. सर पुढे निघून गेलेले, त्यांना हाक मारली, ते वळून येईपर्यंत दोन-तीन मिनिटं गेली असतील. मोडलेली फळी तिच्या शेजारी उलटी पडली होती. खालच्या बाजूला रंग नव्हता. तिथे निळ्या बॉलपेनने काढलेल्या बस होत्या. एकामागे एक सात बस, प्रत्येकीला जरुरीपेक्षा जास्त चाकं, आणि प्रत्येकीच्या खिडकीत मिशीवाला ड्रायव्हर. तुझ्या लहानपणच्या पलंगाखाली उताणा झोपून तू त्या काढायचास, बाबा बसच्या ड्यूटीवरून येईपर्यंत. मी कितीदा रागावले आणि कितीदा वाकून बघून हसले. पलंग भंगारवाल्याला दिला, असं तू जायच्या आधीच्या उन्हाळ्यात मला सांगितलं होतंस. सर वळणावर दिसले आणि मी पायाने ती फळी पालथी केली. विचार करून केली असं नाही, पण पाय माझाच होता. मावशीचे डोळे मिटलेले होते. वर हिरवा रंग आला आणि मग मी तिचा हात हातात घेतला. आधी फळी, मग तिचा हात. हा क्रम मला तीन आठवडे गिळता आलेला नाही.

त्यानंतर मी रोज संध्याकाळी तिच्याकडे जात होते, तिची वेणी घालायला. मनगट प्लास्टरमध्ये, आणि नवऱ्याने घातलेली वेणी म्हणजे सुतळीचा गुंता. ती बिचारी तिथे पडल्या पडल्या माझीच समजूत घालायची. माझ्यामुळे तुमची वाट बंद झाली, सगळे माझ्यावर चिडले असतील ना, म्हणायची. अर्जावर तिने डाव्या हाताने सही केली. पहिलीतल्या मुलीसारखं अक्षर आलं. ते बघून ती हसली. काल वेणीचे तीन पेड हातात असताना मी सांगितलं. बस, पलंग, माझा पाय, सगळं. तिचं तोंड माझ्याकडे नव्हतं, म्हणून जमलं असेल. तिने मान न वळवता ऐकून घेतलं. मग म्हणाली, मुलगा माहीत नव्हतं म्हणेल, ते मी एक वेळ मानीन, पण ताई, तुम्ही एकवीस दिवस माझ्या केसांना हात लावताय. आणि म्हणाली, उद्यापासून येऊ नका. मी वेणी पुरी केली, रबर लावलं आणि आले. आज संध्याकाळी पाच वाजता मी काय करणार आहे, मला माहीत नाही.

तुझ्या बाबांना रात्री जेवताना सांगितलं. त्यांनी ताट पुढे सारलं नाही की आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, बस अजून दिसतात का त्यावर. आणि मग म्हणाले, शुक्रवारची रजा टाकतो. लोकांच्या लग्नालाही रजा न टाकणारा माणूस.

आज सकाळी तलावावर जाऊन सरांनाही सांगितलं. मला वाटलं होतं ते मला ग्रुपमधून काढतील. ते ओल्या फरशीवर शिट्टी हातात धरून उभे राहिले, आणि म्हणाले, काकू, त्या उडीवरून मी चाळीस वेळा गेलोय, नवीन पोरांना घेऊन गेलोय, कोणी बांधली हे एकदाही विचारलं नाही. उडी त्याची असेल, उडालो आपण सगळेच. त्यांनी तो अर्ज परत मागवला आहे. नवीन अर्जात लिहायचं ठरतंय की उडी आम्ही सगळ्यांनी वापरली, उद्यानाला कोणीही कळवलं नाही, दोष एकट्या रखवालदाराचा नाही, आणि वाट उघडली तर दर आठवड्याला त्यांच्याबरोबर आमच्यातले दोघं तपासायला जातील. दुपारपर्यंत पंधरावीस जण ग्रुप सोडून गेले. साखळी कापायची कात्री असलेला पहिला गेला. नवीन अर्ज मात्र सरांनी स्वतः लिहायला घेतलाय, आणि त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीने पाय उमटवल्यासारखं. मला लिहा म्हणाले नाहीत. मीही म्हटलं नाही.

छोट्या, एक विचारायचं मनात येतं आणि मी परत परत खोडते. ती पडली ते वाचल्यावर तुला कळलं होतं का? मी मेसेजखाली तुझं नाव बघते आणि चोराच्या मनात चांदणं तसं माझं होतं, मी गप्प बसले म्हणून तूही गप्प बसला असशील असं वाटतं. उत्तर मला पत्रात नको. शुक्रवारच्या आत तुझं पत्र येणारही नाही; हे मी आजच कुरिअरने टाकते आहे, परवा सकाळी तुझ्या हातात पडेल.

शुक्रवारी अकरा वाजता उद्यानाच्या कार्यालयात काकांची चौकशी आहे. मी जाणार आहे. फळी आमच्या घरची आहे आणि ती मी पालथी केली, एवढं मी सांगणार आहे, कारण तेवढं माझं आहे. कोणी बांधली, हे मी सांगणार नाही. विचारलं तरी नाही. ते तुझं आहे, आणि तुझ्या वतीने खरं बोलायचा हक्क मला नाही, जसा तुझ्या वतीने लपवायचाही नव्हता. पुढे काय होईल मला माहीत नाही. दंड होईल, पोलिसात जाईल, तुझ्या नोकरीपर्यंत जाईल, रात्रंदिवस मी हेच दळण दळते आहे. तू आला नाहीस तरी तू माझाच आहेस आणि या घरात त्यावरून कोणी तुला बोलणार नाही, हे बाबांनी लिहायला सांगितलंय. हे त्यांचं म्हणणं झालं. माझं म्हणणं वेगळं आहे, आणि त्यासाठीच हे सगळं लिहिलं. गुरुवारी संध्याकाळच्या बसने निघालास तर पहाटे पोचशील. आधी मावशीकडे जा. मला दार बंद आहे, तुला ती उघडेल. मग अकरा वाजता ये. काकांच्या शेजारी दोन खुर्च्या असतात, मी बघून आले आहे. एकीवर मी बसेन. ये.

तुझीच, आणि या घडीला फार घाबरलेली,
आई