तोंडात मिसरी असेपर्यंत

आई, मिसरी सोडली मी. चार महिने झाले. तू गेल्याला एकोणीस वर्षं झाली, एवढ्या वर्षांत तुला सांगण्यासारखं घरात काय काय घडलं, पण कागद घेऊन बसावं असं कधी वाटलं नाही. आज रविवार आहे, जेवणं झालीत, घरातली माणसं आडवी झालीत आणि मी लेकीच्या जुन्या वहीतली मागची कोरी पानं फाडून स्वयंपाकघरात बसले आहे. तू असतीस तर आधी हसली असतीस आणि मग अगदी काळजीनं विचारलं असतंस, आता दात कशानं घासतीस म्हणून. पेस्टनं घासते. गोड लागते, तोंड धुतल्यासारखं वाटतच नाही.

झालं असं की आमच्या कंपनीत आरोग्य तपासणीचं शिबिर होतं. मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कपड्यांच्या कारखान्यात जाते, हे तुला माहीत नाही. तू होतीस तेव्हा मी घरीच असायचे. कारखान्यात शिवून आलेले शर्ट तपासायचे, सुटलेले धागे कापायचे, घडी घालून पुढं द्यायचे, असं काम. एका टेबलाला आम्ही तिघी. मी, एक गारगोटीची आणि एक पेठ वडगावची. माहेरच्या गावानंच आम्ही एकमेकींना हाका मारतो. तर त्या शिबिरात एक तरुण डॉक्टरीणबाई प्रत्येकीला विचारत होत्या, तंबाखू खाता का? आम्ही तिघींनी ठणकावून नाही म्हटलं. वडगावचीचं खरंच होतं, ती कशालाच शिवत नाही. पण आम्ही दोघीही खोटं बोललो असं नाही गं. तंबाखू खातात ती बाप्यामाणसं, तळहातावर चुना मळून. मिसरी ही दात घासायची वस्तू. तूही जन्मभर हेच म्हणत आलीस आणि मी कधी वेगळा विचार केला नाही. डॉक्टरीणबाईंनी माझ्या तोंडात बॅटरी धरली, गाल ताणून आत बघितलं आणि म्हणाल्या, मावशी, मिसरी लावता ना? मी म्हटलं, व्हय, तीन वेळा. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, भाजली म्हणून तंबाखूची काय बडीशेप होते का? मागं रांगेत उभ्या असलेल्या बायका हसल्या. मीही हसले. मग त्यांनी आरसा दिला. खालच्या हिरडीला लागून, गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा होता, नखाएवढा. मिसरी बंद केली तर जाईल बहुतेक, नाही केली तर पुढं कॅन्सरही होऊ शकतो, असं त्यांनी सरळ नाव घेऊन सांगितलं. तीन महिन्यांनी परत दाखवायला या म्हणाल्या.

तुझ्या तोंडाला शेवटपर्यंत काही झालं नाही. तू छातीच्या दुखण्यानं गेलीस. त्यात मिसरीचा हात किती होता हे मला माहीत नाही, आणि आता ते विचारून कुणाचं भलं होणार आहे?

मला पहिली मिसरी तूच लावलीस. दोष द्यायला हे लिहीत नाही, पण लिहायचं ठरवलंय तर ते वगळूनही चालणार नाही. त्याच्या आधी तू मला एकदा मारलं होतंस. तुझी पितळेची डबी मी खेळायला घेतली होती आणि तू हातावर सणसणीत चापट दिलीस. लगीन झाल्याबिगर पोरीनं ह्येला हात लावायचा न्हाय, असं बजावलंस. मी बारा वर्षांची असेन. त्याच वर्षी माझी दाढ उठली. दोन दिवस मी जमिनीवर लोळत होते, लवंग झाली, मीठ-पाणी झालं, आणि शेवटी तूच डबीत बोट बुडवून माझ्या दाढेवर दाबलंस. डोकं गरगरलं, भिंतीकडेला मी भडभडून ओकले, आणि मग ठणका थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढ दुखत नव्हती, तरी मी तुझ्या शेजारी येऊन बसले आणि तळहात पुढं केला. तू माझ्याकडं बघितलंस. लगीन झाल्याबिगर, असं काही म्हणाली नाहीस. चिमूटभर हातावर ठेवलीस आणि स्वतःचं बोट तोंडात घातलंस.

मागच्या दाराला तो कपडे धुवायचा दगड होता, त्यावर तू बसायचीस, गुडघे वर घेऊन, पदर खोचून. दिवसभर तुझ्या मागं माणसं असायची. आप्पांना टॉवेल सापडत नाही, म्हशीनं दावं तोडलंय, आत्याला चहात साखर कमी लागते, आणि सगळ्यांच्या हाका तुलाच. पण तोंडात मिसरी असेपर्यंत बाईला कुणी काम सांगत नाही, आणि सांगितलं तरी तिला उत्तर द्यावं लागत नाही. आप्पा आतून ओरडायचे, तू नुसता हात वर करायचीस. झालं. ती पंधरा मिनिटं तुझी होती, आणि त्या दिवसापासून माझीही झाली. आपण दोघी काही बोलायचो नाही, बोलता येतच नव्हतं. तुझा गुडघा माझ्या गुडघ्याला लागलेला असायचा. मला पुढं मुलंबाळं झाली, संसार झाला, पण इतकं निवांत कुणाच्या शेजारी बसल्याचं मला आठवत नाही.

आता सोडायची गोष्ट. शिबिराच्या दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये मी दोघींना चट्ट्याचं सांगितलं. गारगोटीचीचा आवाज असा की ती कुजबुजली तरी ड्रायव्हरला ऐकू जातं. ती म्हणाली, "तू एकटी कशी सोडतीस? मी बी सोडतो की." तिच्या तोंडात चट्टा नव्हता, डॉक्टरांनी तिला नुसतं रागावून सोडलं होतं. तरी तिनं तिथल्या तिथं बसच्या खिडकीतून स्वतःची डबी बाहेर फेकली. ती मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या पुढ्यात पडली आणि त्यानं पुढच्या चौकापर्यंत आम्हाला शिव्या दिल्या. वडगावची फार बोलत नाही. तिनं रोज सकाळी बसमध्ये आमची बोटं तपासायचं काम अंगावर घेतलं. उजव्या हाताचं पहिलं बोट, पेराच्या रेषांत आणि नखाच्या कडेला मिसरीचा काळा डाग बसतो तो साबणानं जात नाही, हे तुला मी काय सांगू. बसमध्ये चढलं की ती म्हणायची, बोट दाखवा. शाळेतल्यासारखं आम्ही बोटं पुढं करायचो आणि बसमधल्या बाकीच्या बायका माना उंच करून बघायच्या.

गारगोटीचीची सुटली सहज. चार दिवस डोकं दुखलं, पाचव्या दिवसापासून ती भाजलेला ओवा चघळत गाणी म्हणायला लागली. मला तिचा इतका राग यायचा. माझे हाल कुत्रा खात नव्हता. सकाळी मिसरीशिवाय पोट साफ होईना. धागा कापताना दोनदा शर्टाला कात्री लागली. एकदा भाकरी करपली म्हणून मी तवाच आपटला, तेव्हा तुझे जावई लेकीला म्हणाले, आईला मिसरी आणून दे बाई, निदान भांडी तरी वाचतील. लेक हसली नाही. ती म्हणाली, आई, माझ्यासाठी सोड. मी तिच्यावरही खेकसले. त्या दोघी मात्र रोज काहीतरी आणायच्या, लवंगा, बडीशेप, सुंठ. दुपारच्या सुट्टीत मला मध्ये घेऊन आवारात फेऱ्या मारायच्या, म्हणजे मी कुणाकडं चिमूटभर मागायला जाऊ नये. दुसऱ्या खात्यातल्या बायकांना गारगोटीचीनं दम भरून ठेवला होता, हिला कुणी मिसरी दिली तर गाठ माझ्याशी आहे म्हणून.

तेवीस दिवस झाले आणि एका रविवारी मी घरात एकटीच होते. फळीवर तंबाखूची पुडी होती. टाकून दिली असं सगळ्यांना सांगितलं होतं, दिली नव्हती. भर दुपारी मी गॅसवर जुना तवा ठेवला आणि पानं भाजायला घेतली. तू शिकवलंस तसंच, आच बारीक, पान काळं व्हायला लागलं की हात थांबवायचा नाही आणि राख व्हायच्या आत उतरवायचं. धूर उठला. आठवतं का, तू भाजायला घेतलीस की गल्लीभर लोक शिंकायचे, शिव्या द्यायचे, आणि त्यातल्याच बायका संध्याकाळी आपापल्या डब्या घेऊन वाटा मागायला यायच्या. त्या धुरात मी उभी राहिले आणि मला तुझ्या लुगड्याचा वास आला. खरंच आला. मी ओट्याला धरून रडले, आई. मग वाटली, फडक्यातून गाळली आणि लावली.

दुसऱ्या दिवशी बोट लिंबानं घासून गेले. वडगावचीनं ते बघितलं, मग माझा डावा हात उलटा केला. मी डाव्या बोटानं लावली होती, अंगच्या हुशारीनं, आणि गडबडीत घासलं होतं उजवंच. गारगोटीचीनं बसमध्येच आवाज चढवला, पोरगी लग्नाला आलीय, तुला मरायचंय का, तीन आठवडे आम्ही काय झक मारली का. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. दुपारी डबे उघडल्यावर कुणी जेवेना. शेवटी मी सांगितलं, कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते. म्हटलं, "मिसरी सुटली की माझी आई सुटंल. तिचं माझ्याकडं दुसरं काय बी न्हाय." तुझा एकच फोटो आहे, त्यातही तू डोळे मिटलेत. दगडावरचं बसणं सांगितलं, गुडघा सांगितला. गारगोटीचीनं आपला डबा माझ्याकडं सरकवला. वडगावचीनं हातातला भाकरीचा तुकडा डब्यात ठेवला. मग म्हणाली, "मिसरी सोड. बसायचं कुणी सोडायला सांगितलंय? त्याच वक्ताला बस, तेवढाच वेळ बस. कुणी हाक मारली तर ओ दिऊ नको."

आई, एवढं साधं मला सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी मागच्या गॅलरीत पाट टाकून बसायला लागले, गुडघे वर घेऊन, पदर खोचून, तोंड रिकामं. पहिल्याच दिवशी तुझ्या जावयांनी आतून हाक मारली, मी बोलले नाही. ते बाहेर आले आणि म्हणाले, मिसरी सोडलीस न्हवं, मग बोलायला काय झालं? मी हात वर केला. ते स्वतःच चहा ठेवायला गेले. पहिले काही दिवस तोंडाला पाणी सुटायचं, बोट आपोआप वर जायचं, मी ते मुठीत दाबून धरायचे. पण तू येत होतीस. अगदी शेजारी. मिसरी नसताना यायला तुझी काही हरकत नव्हती.

तीन महिन्यांनी डॉक्टरांकडं गेले तेव्हा त्या दोघी अर्धा दिवस रजा टाकून बरोबर आल्या. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ बॅटरी मारली. चट्टा जवळजवळ गेलाय, कडेला पुसटसा उरलाय, असं म्हणाल्या. असंच राहू द्या, सहा महिन्यांनी या. बाहेर येऊन सांगितलं तर गारगोटीची दवाखान्याच्या दारात इतकी मोठ्यानं रडली की काहीतरी वाईट घडलं समजून लोक आमच्यासाठी वाट करून द्यायला लागले. वडगावचीनं नुसता माझा हात घेतला आणि दोन्ही बोटं बघितली, सवयीनं.

हा कागद मी कुणाला दाखवणार नाही. लेकीनं विचारलं तर किराणाची यादी करत होते म्हणेन. पण ज्यासाठी लिहायला बसले ते अजून लिहिलं नाही. परवा सकाळी मी नेहमीसारखी पाटावर बसले, पंधरा मिनिटांनी उठले, आवरलं, बस पकडली. कागलच्या जवळ आल्यावर माझ्या लक्षात आलं की बसले तेव्हा तू आलीच नव्हतीस. मी कसला विचार करत होते तेही आठवेना. शेजारी दोघी बोलत होत्या, त्यांना मी हे सांगितलं नाही. याचीच तर मला भीती होती, हेच होऊ नये म्हणून मी तोंडात चट्टा घेऊन तवा तापवला होता. मला रडू यायला हवं होतं. मी वाट बघितली, आई. आलं नाही. मला कडकडून भूक लागली होती, आणि मी बसमध्येच डबा उघडून खाल्लं.