मोटारीतला लाल दिवा

नाना,

तुम्हाला जाऊन दीड वर्ष झालं. इतके दिवस मी लिहिलं नाही, कारण गेलेल्या माणसाला पत्र लिहिणं मला खोटं वाटायचं. पण आज दुपारी मला एक गोष्ट कळली आहे आणि ती या घरात मी कुणालाच सांगू शकत नाही. आईला नाही. धाकट्या दिलीपला तर नाहीच. मग उरलं कोण? तुम्हीच!

तुमची मोटार दिलीप विकायला निघाला आहे. आज तो गिऱ्हाईक बघायला एसटीनं हिंगोलीला गेला आहे. रागावू नका त्याच्यावर. आधी सगळं ऐका.

आठवतं, ती आपल्याकडे कशी आली? आधीच्या मालकानं तेल नसताना पळवली आणि इंजिन घालवलं, म्हणून ती काळी मोटार आपल्यासारख्यांच्या दारात आली. तुम्ही ती उभी केलीत, आपल्या गोरेगावहून हिंगोलीला माणसं नेऊ लागलात, त्यावर मला कॉलेजात पाठवलंत. आणि त्या मेलेल्या इंजिनावरून तुम्ही एक नियम धरलात. दिलीपला तुम्ही तो इतक्यांदा सांगितला की शेजारच्या बायकांनाही पाठ झाला असेल. "तेलाचा लाल दिवा लागला की गाडी थांबवायची. आत कलेक्टर बसू दे न्हाई तर नवरी बसू दे. थांबायचं म्हंजे थांबायचं."

मला मात्र तुम्ही गाडी फक्त चालू करायला शिकवलीत, चालवायला नाही. काहून हो? "बीए हो, मग बघू," म्हणालात. बीए झाले, नाना. बघायला तुम्ही कुठं होतात?

तुम्ही गेलात आणि दिलीप गाडीवर बसला. महिन्याभरातच तो दिवा लागू लागला. खडबडीत रस्ता आला की लागायचा. दिलीप लगेच थांबायचा, बॉनेट उघडायचा, तेल बघायचा. तेल बरोबर! परत चालू केली की दिवा गेलेला. थोडं पुढं गेलं की परत लाल. स्टँडवरची माणसं तर टपलेलीच. "काय दिलीपशेठ, गाडीचे डोळे आले काय? लालभडक दिसून राहिले!" एक म्हातारा म्हणाला, "लेका, तुहा बापच दिवा लावून राहिला. काईतरी मागत असंल." सगळे हसले. दिलीप हसला नाही. त्या दिवशी तो जेवलाही नाही.

हिंगोलीच्या रशीदमिस्त्रींकडे मीही त्याच्याबरोबर गेले होते. त्यांनी तेल बदललं, इंजिनाच्या कुशीतलं दिव्याचं बटण नवीन घातलं. "हे बघ ताई," मला म्हणाले, "तेलाचा जोर कमी झाला की हे बटण आतून लोखंडाला टेकतं अन् दिवा लागतो. आता एकदम बराबर आहे. परत लागला तर माझं नाव बदल." पुढच्या बाजारी परत लागला! दिलीप गेला आणि दारातूनच म्हणाला, "बोला मिस्त्री, काय नाव ठेवू?" मिस्त्रींनी परत सगळं उलगडलं. इंजिन तासभर चालू ठेवलं. दिवा लागेना. बिचारे डोकं धरून बसले.

काम सुरू करण्याआधी मिस्त्री दर वेळी एक गोष्ट करायचे. इंजिनात बांधलेला तुमचा ताईत सोडायचे, कपाळाला लावायचे आणि स्वच्छ रुमालात बाजूला ठेवायचे. काम झालं की होता तिथं परत बांधायचे. दिलीपही बॉनेट उघडलं की आधी तो हातानं अलगद बाजूला सारायचा. मग तेल बघायचा.

हो, तुमच्या दंडावरचा तोच तांब्याचा ताईत. त्यावरून मी किती भांडले तुमच्याशी! धम्म घेऊन आपल्या घरातून देव काढले तेव्हा मी जन्मलेही नव्हते, आणि माझे वडील दंडावर ताईत बांधून फिरतात! तुम्ही हसायचात. "आगं, देव काढले. माय न्हाई काढली. तिनं बांधलाय त्यो." तुम्हाला न्यायच्या आधी आईनं तो सोडून घेतला. दोरा इंजिनाच्या तापानं जळेल म्हणून तांब्याच्या तारेत ओवला आणि स्वतःच्या हातानं इंजिनाच्या एका लोखंडी दांडीला बांधला. मी म्हटलं, "आई, हे काय करून राहिलीस तू?" ती म्हणाली, "देवाचं काई न्हाई करून राहिले म्या. ह्या गाडीत तुहा बाप बसायचा. आता त्याचं काईतरी असू दे. लेकरू एकटं जाते रस्त्यानं."

आता पुढचं ऐका.

शेजारच्या काशीकाकूंची सून शांता तुम्हाला ठाऊक आहे. तिला कळा सुरू झाल्या आणि सुईण म्हणाली, हिंगोलीला न्या. दिलीपनं गाडी काढली. मागं आई बसली, तिच्या मांडीवर शांताचं डोकं. पुढं काशीकाकू. खड्ड्यांचा रस्ता लागला आणि दिवा लागला. दिलीप थांबला. काकू ओरडल्या, "आरं हाण की! काहून थांबला?" तो म्हणाला, "काकू, नानानं सांगितलंय." बॉनेट उघडलं, तेल बघितलं, निघाले. परत दिवा. परत थांबले. असं किती वेळा झालं ते आईलाही सांगता येत नाही. शेवटी इंजिन जळून मधेच अडकू, या भीतीनं दिलीपनं एक बैलगाडी थांबवली आणि शांताला तिच्यात घातलं.

शांता वाचली. मुलगा राहिला नाही. डॉक्टर एवढंच म्हणाले, उशीर झाला. लवकर पोचले असते तरी कदाचित तेच झालं असतं, असं मी सगळ्यांना सांगते. माझं 'कदाचित' कुणी ऐकून घेत नाही.

काशीकाकू शिव्या देत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त एकदा दिलीपला म्हणाल्या, "दिवा लागला तर लागला. गाडी तर चालून राहिली होती ना रे?" त्या दिवसापासून त्यानं चावी हातात घेतली नाही. परवा मला म्हणाला, "अक्का, नानाला माह्या हातात गाडी नको होती. म्हणून त्यो दिवा लावत होता." मी त्याला अंधश्रद्धेवर एवढं मोठं सुनावलं! तो शांतपणे म्हणाला, "मग तू सांग, कोन लावत होतं?"

त्याचं उत्तर मला आज देता येतं, नाना.

गाडी जाणारच आहे तर निदान धुऊन पुसून जावी, म्हणून दुपारी मी बॉनेट उघडलं. आई निंदायला गेली होती. शांता आली. अजून अशक्त आहे, तरी आईपाशी बसायला रोज येते. म्हणाली, "अक्का, चालू होते का गं अजून?" मी चालू केली. फडक्यानं कडेकडेनं पुसायला लागले, तर ती गाडीच्या दारातून आत डोकावून म्हणाली, "आता लागला बघ. त्योच दिवा." मी हात काढला. "गेला." माझ्या फडक्याला ताईत अडकला होता. मी तो बोटानं बटणाकडे ढकलला. "लागला." मागं ओढला. "गेला." ती दाराला धरून उभी, बॉनेटच्या कडेनं माझ्याकडे बघत होती, आणि मी वेड्यासारखी तुमचा ताईत पुढं-मागं करत होते. लागला. गेला. लागला.

तारेचं एक टोक लोखंडाला बांधलेलं. दुसऱ्या टोकाचा ताईत हिसका बसला की बटणावरच्या वायरला जाऊन चिकटायचा. बटण जे तेल संपल्यावर करतं, तेच तुमचा ताईत तेल असताना करत होता. एवढंच! सगळ्यांनी तो इतक्या आदरानं बाजूला ठेवला की त्याच्याकडे कुणी बघितलंच नाही. मीसुद्धा.

"काय झालं होतं गं?" शांतानं विचारलं. मी म्हटलं, "काही नाही. एक तार सैल आहे." मग मी भांडी घासायला बसले, कारण तिच्याकडे बघवेना.

सांगा ना, मी काय करू? नियम तुमचा. ताईत तुमचा. दोन्ही तुमच्याच माणसांनी जिवापाड सांभाळले. रागावू तरी कुणावर? गप्प बसले तर दिलीप जन्मभर समजणार की बापानं त्याला नाकारलं. खरं सांगितलं तर आईला कळणार, की जिचं डोकं तिनं मांडीवर घेतलं होतं, तिची वाट आपणच बांधलेल्या तारेनं अडवली. ती हे सोसणार नाही. तुम्ही तिला माझ्यापेक्षा जास्त ओळखता. कॉलेजात मी सत्यावर निबंध लिहिला होता. त्यात असल्या वेळी काय करायचं ते कुठंच नव्हतं हो!

संध्याकाळची एसटी यायची वेळ झाली. दिलीप येईल. मी ठरवलं आहे. त्याला सांगणार, की आईनं ताईत लांब, बरोबर जागी बांधला होता. इंजिन पुसताना मी तो बटणाजवळ सरकवला आणि मग जो तो तिथंच बांधत राहिला. तू थांबलास ते बरोबर केलंस, नानांनी काही केलं नाही, केलं ते मी. आई आणि तो, दोघंही मानतील. मी खोटं बोलत नाही, असं त्यांना वाटतं. शांताही ऐकेल. मग ती आपल्या घरी येईल की नाही, माझ्याशी बोलेल की नाही, मला माहीत नाही. हे बरोबर आहे की चूक, तेही माहीत नाही.

पण वचन देते, नाना. एकदा बोलले की यातला एक शब्दही मी कधी बदलणार नाही. आईच्या कानावर खरं जाणार नाही, माझ्या तोंडून तर कधीच नाही. तुम्ही आईच्या स्वप्नात येता, असं ती म्हणते. मी तसलं काही मानत नाही. तरीपण, आलातच तर तिला सांगू नका.

तुमची,
विमल