माझ्यामागे माझी फिर्याद

मी, तुंगाबाई, कै. सयाजीराव मोहिते यांची पत्नी, वय वर्षे बहात्तर, धंदा लग्नकार्यातला स्वयंपाक (सध्या बंद, का बंद ते पुढे येईल), राहणार मल्लेश्वरम, बेंगळूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. गुडघे सोडले तर माझे सगळे शाबूत आहे. डोके तर इतके ठिकाणावर आहे की सुनेला त्याचा त्रास होतो. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही, आणून पाहावा.

१. राहते घर मुलगा रविकुमार आणि सून वीणा या दोघांच्या नावे, सारख्या हिश्श्याने. रविकुमार पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून आला की त्याला कशाचेच भान नसते, म्हणून वीणाचे नाव मुद्दाम घातले आहे. परसातला कढीपत्ता तोडू नये.

२. पितळी पातेली, झारे, पुरणयंत्र आणि मोठी परात नात रूपश्री हिला. माझी धाकटी नणंद संध्या परातीसाठी कित्येक वर्षे माझ्या पाया पडते आहे. तिला आशीर्वाद भरपूर दिले आहेत. परात मिळणार नाही.

३. आता मुख्य गोष्ट, म्हणजे माझी फिर्याद. नैवेद्य झाकून न्यायचा आणि देवीपुढे ठेवेपर्यंत तोंड उघडायचे नाही, ही माझ्या सासूबाईंची रीत. चार वर्षांपूर्वी नवरात्रात समाजाच्या जेवणावळीचा स्वयंपाक माझ्याकडे होता. पंगत बसत होती, आणि मी झाकलेला डबा घेऊन मागच्या दाराने देवळाकडे निघाले. आमच्या समाजाचे चिटणीस भगवंतराव जगताप यांनी माईकवरून पुकारले, "मंडळी, तुपाचा डबा चालला बघा मागच्या दाराने! तुंगाक्कांना धरा!" सगळी पंगत हसली. मला मौन. मी खाली मान घालून चालत राहिले, आणि लोकांनी त्याचाच पुरावा केला. परत येऊन सांगितले, पण ऐकतो कोण? त्यानंतर एकाही लग्नाचे बोलावणे आले नाही. मला फार लागले, अजून लागते.

पोलीस ठाण्यात गेले. फौजदार म्हणाले, "अम्मा, इदु नम्म केसल्ल. कोर्टिगे होगी." म्हणजे अब्रूच्या प्रकरणात पोलीस पडत नाहीत, सरकार खटला चालवत नाही, ज्याची अब्रू त्यानेच मॅजिस्ट्रेटपुढे उभे राहावे. सरी, म्हणजे बरं तर, म्हटले. उभी राहिले, शपथेवर जबाब दिला, आणि भगवंतरावांना समन्स निघाले. अशा खटल्यात एकच गोम आहे: फिर्यादी तारखेला आला नाही तर आरोपी सुटू शकतो.

भगवंतराव पलीकडच्याच गल्लीत राहतात. एका तारखेला मला रिक्षा मिळेना. यांनी स्कूटर थांबवली. "बसा तुंगाक्का, मीही तिकडंच चाललोय." तेव्हापासून फिर्यादी आरोपीच्या स्कूटरवर बसून कोर्टात जाते. माझे वकील गिरीधर कपाळाला हात लावतात. दुपारी माझ्या डब्यातली तोंडल्याची भाजी हे गृहस्थ खातात आणि वर मीठ कमी आहे म्हणतात.

गेल्या पावसाळ्यात मी तापाने पडले आणि तारीख चुकली. भगवंतराव गप्प बसते तर त्याच दिवशी सुटले असते. पण त्यांनीच हात जोडून साहेबांना सांगितले, बाई आजारी आहेत, पुढची तारीख द्या. संध्याकाळी मोसंबी घेऊन घरी आले. मी विचारले, "सुटायचं सोडून हे काय केलंत?"

"तुम्ही अंथरुणावर आणि मी सुटलो, तर लोक काय म्हणतील मला?"

"आणि मला म्हणतात ते?"

यावर मोसंबी सोलत बसले. "चुकलं माझं" असे स्कूटरवर ते पाचपन्नास वेळा म्हणाले असतील. पण चारचौघांत घेतलेली अब्रू कानात परत देता येत नाही. माईकवर बोलले ते माईकवरच मागे घ्यावे.

४. गिरीधर सांगतात, फिर्याद म्हणजे भांडीकुंडी नव्हेत, ती मृत्युपत्राने देता येत नाही. फार तर कोर्टाच्या परवानगीने वारस पुढे चालवू शकतो. देता येत नसेल, पण इच्छा लिहिता येते ना? तर रूपश्रीने तसा अर्ज करावा. रविकुमार म्हणतो, "आई, स्वल्प शांत राहा, सोडून दे." म्हणून त्याला सांगत नाही. मी गेल्यावर लोक म्हणतील, गेली बिचारी, विषय संपला. चोर हे नाव मागे ठेवून विषय संपायला नको आहे. माझ्या तेराव्याच्या पंगतीत भगवंतरावांनी माईकवरून खरे सांगितले, तर रूपश्रीने तडजोड करावी आणि त्यांना तोंडल्याची भाजी वाढावी. न सांगितले तर खटला चालू ठेवावा. भाजी तरीही वाढावी, मीठ जास्त घालून.

५. साक्षीदार दोन लागतात. एक गिरीधरांचे कारकून हरी. दुसऱ्यावरून वकिलांशी वाद झाला, पण मी हटले नाही. भगवंतराव वकिलांच्या कचेरीखाली स्कूटरपाशी ताटकळले आहेत, त्यांनाच वर बोलावले आहे. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही म्हणतात. यांनी मात्र अक्षर न् अक्षर वाचून सही करावी.

वरील सर्व माझेच बोलणे आहे. दोघांच्या देखत सही करते.

तुंगाबाई सयाजीराव मोहिते
बेंगळूर, १४ नोव्हेंबर १९९६

साक्षीदार:

१. हरी वाघमोडे

२. भगवंतराव जगताप. सगळे वाचले. डब्यात तूप नव्हते, देवीचा नैवेद्य होता. तुंगाक्कांनी काही चोरले नाही. तेराव्यापर्यंत कशाला थांबायचे? रविवारी समाजाचे जेवण आहे आणि माईक अजून माझ्याकडेच आहे. स्वयंपाकाला तुम्हीच यावे. सकाळी स्कूटर घेऊन येतो.