रोख चालेल का?

सोमवार, ५ जानेवारी

ॲपवरच्या आमच्या दुकानाला दुसरी ताकीद! तिसरी आली की कायमचं बंद. ॲपवाल्यांच्या मेलमध्ये एवढंच — तुमच्या मजकुरात पैसे देण्याविषयीचा, मनाई असलेला शब्द आढळला. कुठला शब्द? ते सांगणार नाहीत.

मीच शोधला. मागे एका बाईंनी विचारलं होतं, कॅश चालेल का. मी लिहिलं — कॅश चालत नाही. नाही म्हटलं तरी गुन्हा! मशीनला 'कॅश' दिसलं, 'नाही' दिसलंच नाही.

पहिली ताकीद 'टाका'मुळे. गोधडीच्या माहितीत इंग्रजी अक्षरांत 'धावता टाका' लिहिलं होतं, त्यांना वाटलं आम्ही बांगलादेशी टका मागतोय. तेव्हा वृंदा आणि मी पोट धरून हसलो होतो. आज ती हसली नाही.

"पद्मजा, तुझ्या घरी अंबादासरावांचा पगार येतो. माझ्या घरी फक्त हे दुकान येतं."

ती शिवते, मी फोटो नि मेसेज बघते. तिचे यजमान गेल्यापासून इथल्या, दिल्लीतल्या मुनीरकाच्या खोलीचं भाडंसुद्धा गोधड्यांवर.

आता ठरलं. पैशाचा विषय निघाला की ॲपनेच दिलेलं तयार वाक्य चिकटवायचं — 'कृपया ॲपवरील उपलब्ध पर्यायांचाच वापर करावा.' त्यापुढे एक अक्षर नाही. दुकान दोघींच्या फोनवर उघडतं, म्हणून वृंदालाही बजावलं. म्हणाली, "मला काय बजावतेस? लिहितेस तू!"

बुधवार, ७ जानेवारी

धुकं इतकं की समोरचे क्वार्टर्स दिसत नाहीत. हीटरला चिकटून बसले होते.

नवं गिऱ्हाईक आलंय — कादंबरी. आणि चक्क मराठीत! "ताई, बाळासाठी निळी गोधडी हवी. तुम्ही स्वतः आणून द्याल का? ग्रेटर नोएडा. पैसे रोख हातात देते."

रोख! म्हणजे पुन्हा कॅशच. तयार वाक्य चिकटवलं आणि फोन उपडा ठेवला.

गुरुवार, ८ जानेवारी

पुन्हा तीच. "ताई, रोखच जमेल. एकदा या ना."

पुन्हा तेच वाक्य चिकटवलं.

वृंदाला दाखवलं. ती म्हणाली, ॲपवालेच असतील. आपण घसरतो का ते बघतायत. अंबादासचं म्हणणं, "फ्रॉड आहे यार. बिल्कुल उत्तर देऊ नकोस."

पण फ्रॉड करणारा कशाला 'एकदा या ना' म्हणेल?

शनिवार, १० जानेवारी

आज मोठा मेसेज. जसा होता तसा उतरवून ठेवते, कारण चॅटमधून कधी उडेल सांगता येत नाही.

"ताई, रागावू नका. माझ्याकडे पैसे नाहीतच. कुणीतरी मराठी बाई दारात यावी म्हणून तसं लिहिलं. मी परभणीची. यूपीएससीसाठी दिल्लीत आले, क्लासमधल्या मुलाशी लग्न केलं. घरच्यांनी तोडलं. आता सातवा महिना आहे. माझा फोन काढून घेतलाय. बाहेरून कडी असते. बाळाचे कपडे बघायला म्हणून सासूबाई त्यांचा फोन थोडा वेळ देतात. त्या समोरच बसतात, पण त्यांना मराठी कळत नाही. हे एकच ॲप त्या उघडू देतात. मारतो तो. तुम्ही पैशांचंच बोलत रहा, तेवढा शब्द त्यांना कळतो, म्हणजे वाटेल मी भाव करतेय."

दोनदा, तीनदा वाचलं. आणि मी तिला काय पाठवत होते? 'उपलब्ध पर्यायांचाच वापर करावा'!

लगेच विचारलं, पत्ता काय? तिने लिहिला असावा — माझ्याकडे अक्षरांच्या जागी नुसत्या चांदण्या आल्या. पत्ता, फोन नंबर, काहीही लिहिलं की ॲप पुसून टाकतं. ऑर्डरचे पैसे भरले की मगच पत्ता आम्हाला दिसतो. आणि पैसे भरणार कशातून ती?

रविवार, ११ जानेवारी

अंबादासचा चेहरा उतरला मेसेज वाचून. "चलो, पोलिसांत जाऊ." गेलो. हवालदार बाई चांगल्या होत्या. नीट ऐकून घेतलं. पण "पता तो चाहिए ना, मॅडम. ग्रेटर नोएडा में कादंबरी... कहाँ ढूँढें?" ॲपकडे अधिकृत विचारणा करतो म्हणाल्या, वेळ लागेल.

ॲपच्या मदत खिडकीत मीही लिहिलं. तासाभराने उत्तर — 'ग्राहकाची माहिती देता येत नाही. पैशांसंबंधी प्रश्न असल्यास पुढील सूचना वाचा.' पैशांसंबंधी!

संध्याकाळी वृंदाकडे गेले. तिने सगळं वाचलं, मशीनवरून उठलीसुद्धा नाही.

"आणि खोटं निघालं तर?"

"आणि खरं असलं तर, वृंदा?"

"मग तू काय करणार? चॅटमध्ये काहीबाही लिहिणार. ते दुकान बंद करणार. ती पोर तिथेच राहणार आणि मीही रस्त्यावर. दोघींचं वाटोळं करायचं असेल तर लिही."

माझाही तोल गेला. म्हटलं, "तुला दुकानापलीकडे काही दिसतच नाही!" बोलून गेले. तिने पायडल मारायला सुरुवात केली. मी तशीच जिना उतरले.

सोमवार, १२ जानेवारी

कादंबरीचा मेसेज नाही. दिवसभर फोन हातात.

मंगळवार, १३ जानेवारी

सकाळी दोन ओळी आल्या. "आज तो लखनौला गेला. सासूबाई दुपारी कीर्तनाला जातात, खालचा गुरखा कडी काढेल म्हणालाय. पण कुठे जाऊ? रस्ते माहीत नाहीत. हातात एक रुपया नाही."

पत्ता लिहिला तर चांदण्या होणार. मग सुचलं! लिहिलं — "तुझ्या घराचा पत्ता मराठीत फोड करून लिही. सेक्टर म्हणू नकोस, विभाग म्हण. आकडे अक्षरांत लिही, एकोणसत्तर वगैरे. मी गाडी घेऊन येते." पाठवलं. गेलं! पुसलं नाही.

अंबादासला ऑफिसातून बोलावून घेतलं. तो येईपर्यंत कोट चढवला, पुन्हा फोन बघितला — आणि स्क्रीनवर लाल पट्टी. 'आपले दुकान कायमचे बंद करण्यात आले आहे.'

चॅट नाही. कादंबरी नाही. काहीच नाही.

तरी आम्ही ग्रेटर नोएडाला गेलो. अंधार पडेपर्यंत टॉवरमागून टॉवर. गेटवर गेटवर विचारत. एवढे टॉवर! लोक खिडक्या लावून आत बसलेले. येताना गाडीत मी हमसून हमसून रडले. माझ्या एका मेसेजने दोन बायकांना बुडवलं. वृंदा म्हणाली होती तसंच, अगदी तसंच.

तिला फोन लावायचं धाडस झालं नाही. तिचाही आला नाही.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. माफी मागायला वृंदाकडे गेले. दार एका अनोळखी मुलीने उघडलं. पोट पुढे आलेलं, ओठ फाटलेला, अंगात वृंदाचा स्वेटर.

आतून वृंदा म्हणाली, "कादंबरी, कोण आहे गं?" मग बाहेर आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझा मेसेज हिच्यापर्यंत गेलाच होता. पण हिला कुठलं सुचतंय पत्त्याची फोड करायला! म्हणून मी माझ्या फोनवरून लिहिलं — ऑटो कर, मुनीरका मेट्रोला उतर, ऑटोवाल्याला रोख मी देते, तू फक्त नीघ. पाठवलं, हिने वाचलं आणि लगेच दुकान गेलं. बस आता. पोरीला गरम काहीतरी दे. मग आपण तिघी पोलिसांत जाऊ."