अण्णाचा वड

१७ जून १९७९, रविवार

आज कृष्णेवर अण्णाचा दहावा केला. पिंडाला कावळा शिवेना. सख्खा धाकटा भाऊ म्हणून त्याची इच्छा पुरी करण्याचा शब्द मीच द्यायचा होता. आपल्या बांधावरचा वड तोडू देणार नाही, एवढेच म्हणायचे होते. चारचौघांत तोंड उघडले नाही. तेवढ्यात सरपंच पुढे झाले, "अण्णा, तुमच्या नावानं सभागृह बांधतो!" आणि कावळा शिवला.

कावळ्याला भूक लागली होती, दुसरे काय?

लगेच त्यांनी खिशातून कागद काढला. "तेवढा बांधावरचा वड काढाय लागंल. सही करा." म्हणजे कागद आधीच तयार होता! अण्णा झाडांसाठी पंचायतीला उभा राहून पडला, तेव्हा हाच माणूस चावडीवर म्हणाला होता, "झाडांस्नी मतं असती तर आलाच असतास की रं, गड्या!" सगळे हसले. मीही हसलो. का हसलो मी?

आजच्या पेपरात आले आहे. लक्झेंबर्ग नावाच्या, आपल्या जिल्ह्याहूनही लहान देशात काही लोक नदी-झाडांसाठी पक्ष काढून निवडणुकीला उभे राहिले. एकही जागा मिळाली नाही. अण्णाला इथे गाव वेडा म्हणत होते. तिकडे अशांचा पक्ष आहे आणि हे त्याला कळलेच नाही.

कावळा शिवला म्हणून वड तोडायचा? सहीच्या जागी लिहिले, 'वड तोडू देणार नाही.' खाली नाव घातले. मग चूल पेटवून एकट्यापुरता भात टाकला.