नवा फिकरा, जागा सोडा

औरंगपुरा, औरंगाबाद
मार्गशीर्ष, शुक्रवार

तीर्थस्वरूप सौ. आक्कास धाकट्या बन्सीचा साष्टांग नमस्कार.

तुझं कार्ड पोचलं. भावजींचा खोकला थांबला का, आणि थांबला नसेल तर तो अडुळशाचा काढा बंद करून एखाद्या डॉक्टरला दाखवलंत का, ते आधी कळव. इकडे सगळे सुखरूप आहोत. (वच्छलेची दाढ सोडून. ती म्हणते, आक्कांना दाढेचं लिहू नका, उगाच काळजी करतील. म्हणून लिहीत नाही.) थंडी बरी पडली आहे, गुलमंडीवर पेरू उतरले आहेत. हे झालं क्षेमकुशल. पत्र असो की निबंध, आरंभ आटोपशीर असावा, वाचणाऱ्याला दारात ताटकळत ठेवू नये, असं तूच लिहिलं होतंस. तर आत ये. परवा आमच्या शाळेची तपासणी झाली. मी नोकरीत कायम होतो की घरी बसून वच्छलेला भाजी निवडू लागतो, हे सगळं त्या तपासणीवर होतं, ते तुला ठाऊक आहे. निकाल काय लागला ते मी आत्ता सांगणार नाही. शेवट आरंभातच फोडू नये, हेही तुझंच म्हणणं.

मुळात मराठी निबंध माझ्या गळ्यात कसा पडला ते तुला कधी नीट सांगितलं नाही. पोलीस ॲक्शन झाली, वर्गावर्गांतून उर्दू उठली आणि मराठी येऊन बसली. हेडमास्तर बद्रीनाथजींनी आम्हा मास्तरांवरून एकवार नजर फिरवली आणि मला विचारलं, घरी काय बोलता? मी म्हणालो, मराठी. ते म्हणाले, मग नववीला निबंध शिकवा. आता घरी मी काय मराठी बोलतो, आक्का? मीठ कमी आहे, पाणी तापलं का, आणि चावी कुठं ठेवली. एवढ्या भांडवलावर निबंधाचं दुकान टाकायचं! तू नगरला मामांकडे राहून मराठी शाळेत शिकलीस. मी इथं मॅट्रिकपर्यंत भूगोलसुद्धा उर्दूतून घोकला. अजून पाढे म्हणताना जीभ आपसूक तिकडेच वळते. पहिल्या दिवशी पुस्तक उघडलं तर पहिल्याच पानावर शब्द, 'परिच्छेद'. वच्छलेला विचारलं. ती म्हणाली, ऑपरेशनचं काहीतरी असेल, दवाखान्यात विचारा. शेवटी आमचे उर्दूचे हबीब मास्तर धावून आले. (त्यांच्या वर्गात आता इतकी थोडी मुलं उरली आहेत की हजेरी घ्यायच्या आधीच हजेरी कळते. तरी माणूस हसतमुख.) पुस्तक लांब धरून त्यांनी वाचलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "अरे मियाँ, फिकरा है ये! नाम बदले तो क्या हुआ, चीज तो वहीच है ना!"

चीज तीच, हे खरं. पण ती मुलांना द्यायची कशी, ते हबीब मास्तरांनाही मराठीत सांगता येईना. म्हणून तुला लिहिलं. तुझं उत्तर आलं ते एका कार्डावर, मुंग्यांच्या रांगेसारख्या अक्षरात, पत्त्याच्या बाजूवर सांडलेलं. लिहायच्या आधी मनाशी ठरव, आपल्याला नेमकं काय सांगायचं आहे. मग मुद्दे काढ, त्यांचा क्रम लाव. एका परिच्छेदात एकच गोष्ट. दुसरी आली की नवी ओळ, आणि ओळीच्या सुरुवातीला दोन बोटं जागा. जे डोळ्यांनी पाहिलं ते लिही, जे नुसतं ऐकलं ते गाळ. झालं की मोठ्यानं वाच, आणि जिथं जीभ अडखळेल तिथं काट. आक्का, ते कार्ड मी बुशकोटाच्या खिशात ठेवलं आणि पुढचे कित्येक महिने छातीशी धरून वर्गात गेलो. पुस्तकाला हात लावला नाही. (हा परिच्छेद इथं संपवतो. दुसरी गोष्ट आली.)

आता मुलांचं ऐक. पहिला निबंध दिला, 'पावसाळा'. वह्या आल्या, मी तपासल्या, सगळ्यांना चांगला म्हणून शेरा दिला आणि नमुना म्हणून दोन निबंध तुला पाठवले. तुझं उलट टपाली कार्ड आलं: बन्सी, हे निबंध आहेत की कचेरीतले अर्ज? तेव्हा कुठं माझे डोळे उघडले. बिचाऱ्या पोरांनी उभ्या जन्मात घरात एकच लिखाण पाहिलेलं, ते म्हणजे बापाने तहसिलीबाहेर बसून लिहून घेतलेला अर्ज. त्यामुळे एकाने सुरुवात केली होती, 'वाजे असावे की, पावसाळा दरसाल येत असतो.' (वाजे म्हणजे उघड, जाहीर.) दुसऱ्याने लिहिलं होतं, 'सदरहू पावसाने आमचे शेतात गैरकायदा प्रवेश केला.' आणि सगळ्यांचा शेवट एकच, 'सबब मेहेरबानी व्हावी.' पावसाकडे, गाईकडे, विज्ञानाच्या फायद्यांकडे, सगळ्यांकडेच मेहेरबानी मागितलेली. मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं, कारण माझं स्वतःचं मराठीसुद्धा त्याच पेठेतलं. तुला आठवत असेल, माझ्या लग्नाचं कळवताना मी 'सदरहू मुलगी' असं लिहिलं होतं. वच्छला अजून त्यावरून मला सुनावते.

मग मी तुझं ऐकून शुद्धलेखन घालायला लागलो. म्हणजे मी चांगला उतारा वाचायचा, मुलांनी लिहायचा, म्हणजे परिच्छेद कुठं तुटतो ते कानाला कळेल. इथं एक भानगड झाली. परिच्छेद हा शब्द घाईत माझ्या दातांखाली येतो, म्हणून मी आपला हबीब मास्तरांचा शब्द वापरायचो. एक गोष्ट संपली की ओरडायचो, "नवा फिकरा! जागा सोडा!" पहिल्या बाकावर मुकुंदवाडीचा फकिरा बसतो. मधल्या धामधुमीत शाळा बुडाल्यामुळे नववीत मिशी घेऊन आलेला, अंगानं माझ्या दीडपट, आणि आज्ञाधारक असा की विचारू नकोस. मी पहिल्यांदा ओरडलो तेव्हा तो उठून मागच्या बाकावर गेला. मला वाटलं, उजेड कमी पडला असेल. दुसऱ्यांदा ओरडलो, तो शेवटच्या बाकावर. तिसऱ्या परिच्छेदाला फकिरा वही घेऊन व्हरांड्यात उभा, आणि तिथून खिडकीतून ऐकून लिहितोय! मी बाहेर जाऊन विचारलं तर म्हणतो, "गुर्जी, तुमीच म्हनलात न्हवं, फकिरा, जागा सोड. म्या म्हनलं, कायतरी चुकलं आसंल आपलं." मी म्हणालो, अरे, मग विचारायचं नाही का? तर म्हणाला, "इचारून काय करावं? लई दिसांनी शाळेत बसाया मिळालंय. भाईर तर भाईर." आक्का, मी त्याची वही हातात घेतली आणि त्याला परत पहिल्या बाकावर नेऊन बसवलं. त्या दिवसापासून मी परिच्छेद हा शब्द पाठ केला. आता झोपेतून उठवून विचारलं तरी बिनचूक म्हणतो.

(हे लांबलं. तू म्हणतेस, मध्यभाग हा पोटासारखा असावा, भरलेला पण सुटलेला नको. आवरतो.)

तर परवा निरीक्षकसाहेब आले. मुंबई राज्यातून आमच्याकडे उसने आणलेले, पुण्याकडचे गृहस्थ. बोलणं असं की प्रत्येक शब्दाला इस्त्री. बद्रीनाथजींनी सकाळीच मला बजावलं होतं, साहेबांना मराठी नापसंत पडलं तर माझ्या हातात काही नाही. साहेबांनी एक वही उघडली, पान उलटलं, दुसरं उलटलं आणि म्हणाले, "समास सोडलेला नाही." व्याकरण मी रात्रंदिवस घोटलं होतं, पण याच क्षणी परीक्षा होईल असं वाटलं नव्हतं. मी म्हणालो, "सोडवतो साहेब." आणि हात जोडून सुरू केलं, "निरीक्षकसाहेब. निरीक्षक असलेले साहेब. कर्मधारय." साहेब माझ्याकडे बघतच राहिले. मला वाटलं, कमी पडलं. म्हणून बद्रीनाथजींकडे बोट करून पुढचा सोडवला, "हेडमास्तर," आणि तिथं अडकलो, कारण तो कोणत्या भाषेच्या नियमानं सोडवायचा ते तुझ्या कार्डावर नव्हतं. साहेबांनी शांतपणे वहीच्या डाव्या कडेवरून बोट फिरवलं. "मास्तर, मी हा समास म्हणतोय. कडेची कोरी जागा." जागा होती, आक्का! पण ती सगळ्यांनी उजवीकडे सोडली होती, कारण मी फळ्यावर तशी दाखवली होती. उर्दूच्या वहीत सुरुवात तिकडूनच होते. वर्ग खाली माना घालून खुसखुसत होता. मी मनातल्या मनात भाजी निवडायला बसलो.

साहेबांनी खडू घेऊन फळ्यावर लिहिलं, 'माझी आई', आणि तिथल्या तिथं निबंध लिहायला सांगितला. मुलं लिहीत होती तोवर मी खिशातल्या कार्डावर हात ठेवून उभा होतो. मग साहेबांनी नेमकं फकिराला उभं केलं. त्याने वाचलेलं मी त्याच्याच शब्दांत देतो, वही माझ्यासमोर आहे.

'माझ्या आईचं नाव भागूबाई. ती मुकुंदवाडीहून मेथीची पाटी घेऊन गुलमंडीला येते. येताना डोक्यावर ओझं असतं म्हणून ती बोलत नाही. जाताना पाटी रिकामी असते, तेव्हा ती वाटेत सगळ्यांशी बोलते.

'मी घरी गेलो की ती विचारते, आज काय लिहिलंस. मी वाचून दाखवतो. तिला समजत नाही. तरी ती शेजारच्या साळूबाईला बोलावते आणि मला पुन्हा वाचायला लावते.

'आईला बसलेली मी पाहिलेली नाही. सबब विनंती की, सदरहू आईस थोडा वेळ बसावयास मिळावे.'

एकेका परिच्छेदात एकेक गोष्ट, डोळ्यांनी पाहिलेली, आणि प्रत्येक नव्या ओळीला दोन बोटं जागा. साहेबांनी वही हातात घेतली, लाल पेन्सिल काढली आणि 'सदरहू'वर टेकवली. मग 'सबब'वर आणली. मग पेन्सिल खिशात ठेवून दिली. म्हणाले, "हे असू द्या." आणि माझ्याकडे वळून, "हे यांना कुणी शिकवलं?" आता कायम होऊ पाहणाऱ्या माणसाने काय सांगायला हवं, ते मला कळत होतं. पण तोंडातून निघालं ते असं, "माझ्या आक्कानं. नगरहून. कार्डावर."

शेवट सांगतो. मी कायम झालो. हुकूम काल हातात पडला. वच्छलेने देवापुढे साखर ठेवली आणि तुझ्या नावाने नमस्कार केला. आक्का, मला इथं काहीतरी चांगलं लिहायचं होतं, तुझ्या उपकारांवर एक स्वतंत्र परिच्छेद, तीन वेळा लिहिला आणि तिन्ही वेळा मोठ्याने वाचताना अडखळलो, म्हणून तुझ्या नियमाप्रमाणे काटला. साधं सांगतो. माझ्या घरची चूल तुझ्यामुळे पेटती आहे. तू नसतीस तर माझं काय झालं असतं, ते मनात आणवत नाही. भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बन्सी

ता. क. साहेबांचा शेरा वर लिहायचा राहिला. तो असा: 'शिकवण्याची पद्धत उत्तम आहे. ती शिक्षकांची स्वतःची नाही.' बद्रीनाथजी म्हणाले, दुसरं वाक्य कुणाला दाखवू नका. त्याखाली आणखी एक वाक्य आहे: 'जिची आहे त्या बाईंना विचारून पाहावे.'

पुन्हा ता. क. म्हणून विचारतो, आणि खरं तर एवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं. इथल्या मुलींच्या शाळेत जूनपासून मराठीचे वर्ग वाढतायत आणि शिकवायला बाई मिळत नाहीत. मराठी सातवीची फायनल पास चालते, आणि तू तर पहिली आली होतीस. मामांनी पेढे वाटले, आणि त्याच उन्हाळ्यात तुझं लग्न लावून दिलं. तू त्यावर कधी अवाक्षर काढलं नाहीस. पण कार्डाच्या कोपऱ्यात इतकं बारीक लिहून शिकवणाऱ्या बाईला वर्ग हवाच असणार, हे मला इतक्या उशिरा का होईना कळलं. भावजी फाल्गुनात पेन्शनीत निघतायत. इकडची हवा कोरडी आहे, छातीला फार मानवते, असं हबीब मास्तर म्हणतात. (त्यांना मीच म्हणायला सांगितलं.) न विचारता तुझं नाव देऊन बसलो आहे. साहेबांनी नाव विचारलं तेव्हा मी 'आक्का' म्हणालो. ते म्हणाले, अहो, नाव. जन्मात कधी तुला नावाने हाक मारली नाही. दोघा मोठ्या माणसांसमोर 'द्वारका' म्हणताना कानशिलं तापली. रागावायचं असेल तर इथं येऊन रागाव.

शेवटची ता. क. आजवर प्रत्येक पाकिटावर भावजींचं नाव आणि त्याखाली 'यांच्या घरी' असं घालत आलो. जूनमध्ये मला एका पाकिटावर नुसतं 'द्वारकाबाई, मराठीच्या शिक्षिका' असं लिहायचं आहे. तिकीट लावणार नाही. चालत येऊन वर्गाच्या दारात देईन.